यूट्यूबवरचं जुनं गाणं ‘मूळ’ असतं का? समजून घ्या तबकडीची गोष्ट

चांदूर रेल्वेतल्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावर काळी, जड तबकडी सापडली, तर पहिला प्रश्न असतो, ‘गाणं यूट्यूबवर आहे, मग ही कशाला ठेवायची?’ कारण यूट्यूबवरचं गाणं अनेकदा नकलेची नक्कल असतं.

तबकडी कशी बनायची?

गायक भोंग्यासमोर गायचा. मायक्रोफोन आला १९२५ नंतर. आवाजाने सुई थरथरायची आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर खाच कोरली जायची. मेणावर ग्रॅफाइटची पूड लावून विजेच्या मदतीने तांब्याचा थर चढवत. तो सोलला की उलटा ठसा मिळे, तो ‘मास्टर’. मास्टरवरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टॅम्पर’ तयार होई. स्टॅम्पर लाखेच्या गरम मिश्रणावर दाबला की रेकॉर्ड तयार!

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा रेकॉर्ड जर्मनीतल्या हॅनोव्हरला बनत. तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून गौहरजान शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला.

मग डबिंग कशासाठी?

एलपी आली १९४८ मध्ये. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्येच गेले. म्हणजे एलपीवरचं त्यांचं गाणं जुन्या ७८ आरपीएम मुद्रणातूनच उतरवलेलं. धातूचा मास्टर हरवला किंवा खराब झाला असेल, तर कंपन्या चांगल्या स्थितीतली रेकॉर्ड शोधत, ती वाजवून टेपवर घेत आणि टेपवरून नवी तबकडी कोरत.

यात काय हरवतं?

खरखर काढताना आवाजातले बारीक, उंच स्वरही गाळले जातात. दुसरी अडचण वेगाची. सुरुवातीच्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ वर वाजवली, तर पांढरी एकचं गाणं जवळपास काळी एकमध्ये ऐकू येतं आणि तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधीच संपतं. डबिंगवेळी ही चूक झाली, तर पुढच्या प्रत्येक नकलेत ती तशीच जाते.

तबकडी सापडली तर?

- स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.
- एकावर एक न रचता उभी ठेवा.
- लेबलजवळ कोरलेल्या क्रमांकाचा फोटो घ्या. मुद्रण कोणतं, हे त्यावरून शोधता येतं.

कंपनीकडे मास्टर उरला नसेल, तर तुमच्या माळ्यावरची तबकडीच मूळ गाण्याच्या सर्वात जवळची असू शकते.