बाळाला सांभाळणारी बाई निवडताना

प्रसूतीची रजा संपायला महिना-दीड महिना उरला, की नोकरदार घरांत एकच विषय सुरू होतो: बाळाला कोण सांभाळणार? २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असेही त्याच दुरुस्तीने सांगितले. मात्र सहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन विरारहून चर्चगेटला रोज लोकलने जाणे कोणत्या आईला जमेल? आजी-आजोबा गावी असतात, किंवा त्यांचीच प्रकृती सांभाळावी लागते. मग घरी येणाऱ्या बाईचा शोध सुरू होतो आणि बहुतेकदा तो फार उशिरा सुरू झालेला असतो. रजा संपण्यापूर्वी किमान सहा आठवडे आधी या कामाला लागावे. त्यातले शेवटचे दोन आठवडे आई घरात असताना बाईने काम करण्यासाठी राखून ठेवावेत.

बाई मिळते ती शेजारणीच्या ओळखीने, सोसायटीच्या वॉचमनकडून, नाहीतर ब्युरोतून. ब्युरो शुल्क घेतो आणि बाई न आल्यास बदली बाई पाठवण्याची हमी देतो. मात्र लहान मुलाच्या बाबतीत ही हमी फारशी उपयोगाची नसते. दर आठवड्याला नवा चेहरा पाहून मूल बावरते. ‘आमच्या सगळ्या बायका पोलिसांकडून तपासलेल्या आहेत’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कागद पाहायला मागावा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात छायाचित्र व ओळखपत्राच्या प्रतीसह आपणही नोंद करावी. बाई सज्ञान असल्याची खात्री करणेही आवश्यक आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ‘बाळाशी खेळायला’ म्हणून गावाकडची दहा-बारा वर्षांची मुलगी आणून ठेवण्याची जुनी रीत हा आता गुन्हा आहे.

पहिली भेट ही खरी परीक्षा. पुष्कळ घरांत ती पगार, वेळ आणि ‘वरकाम कराल का?’ एवढ्यावरच आटोपते. खरे तर बाईला बोलते करावे. ‘मुलांची आवड आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर कोणीच देत नाही. त्याऐवजी ‘मावशी, आधी ज्या बाळाला सांभाळलंत ते काय खायचं? झोपवायचं कसं?’ असे विचारावे. ज्या बाईने मूल खरोखर सांभाळले आहे, ती त्याचे नाव, खोड्या, लाडकी वाटी सारे सांगू लागते. जिने त्या घरात केवळ धुणीभांडी केली, तिची उत्तरे दोन शब्दांत संपतात. ‘बाळ अर्धा तास रडतंय आणि थांबतच नाही, तर काय कराल?’ हाही प्रश्न अवश्य विचारावा. लंगोट, भूक, ताप, पोटदुखी असे एकेक पाहून मग फोन करीन, हे उत्तर समाधानकारक. ‘माझ्याकडे मूल रडतच नाही’ या उत्तराने मात्र सावध व्हावे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना ‘बाळागोळी’ देत. ती अफूची गोळी असे. १९२०च्या दशकातील पाहण्यांत याच्या नोंदी आहेत. आज अफू गेली, पण मूल निजावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजण्याचा मोह सर्वस्वी गेलेला नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणि आईने सांगितल्याशिवाय एक थेंबही औषध द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे आणि औषधे कुलपात ठेवावीत. वर्षाखालील बाळाला मध चाटवायचा नाही, शेंगदाणे-फुटाणे हातात द्यायचे नाहीत, झोपवताना पाठीवरच झोपवायचे, हेही सांगून ठेवावे. बाई चार मुलांची आई असली, तरी सांगावेच.

भेटीच्या वेळी बाळ समोर असू द्यावे. बाई आल्याबरोबर हात धुते का, बाळाला झटकन उचलून घेते की आधी दुरून बोलून त्याला ओळख पटू देते, हे पाहावे.

तिने सांगितलेल्या जुन्या घरांची चौकशी केवळ फोनवर करू नये. दिलेला क्रमांक तिच्या बहिणीचाही असू शकतो. शक्य असल्यास त्या इमारतीत जाऊन भेटावे. ‘बाई चांगली होती का?’ असे विचारल्यास बहुतेक लोक संकोचाने हो म्हणतात. ‘तुमच्या घरी पुन्हा बाळ आले, तर यांनाच बोलवाल का?’ असे विचारले की उत्तर देण्यापूर्वीचा क्षणभराचा विराम बरेच सांगून जातो.

मोबदल्याच्या गोष्टी आधीच ठरवून कागदावर लिहाव्यात: येण्याजाण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी, आई ट्रेनमध्ये अडकल्यास जादा तासांचे पैसे, दिवाळीचा बोनस, गणपतीत गावी जायचे दिवस, उचल. तिच्या स्वतःच्या मुलांना कोण पाहते, हेही विचारावे. यात भोचकपणा नाही. तिचे मूल तापाने फणफणले की ती येणार नाही, हे गृहीत धरून पर्यायी सोय आधीच हवी. सांभाळणाऱ्या बाईकडून स्वयंपाक, झाडूपोछा आणि इस्त्रीही करवून घेणारी घरे थोडी नाहीत. त्यात रांगणारे मूल कोणाच्याही नजरेत राहत नाही. आणि जिच्या हाती आपले मूल सोपवायचे, तिचा चहाचा कप मात्र वेगळा ठेवायचा, हे कोणत्या हिशेबात बसते?

कॅमेरा बसवायचा असल्यास बाईला सांगूनच बसवावा. न्हाणीघरात किंवा ती कपडे बदलते तेथे तो नसावा. आई-वडील, बालरोगतज्ज्ञ आणि शेजारी यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावावेत. १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ आणीबाणीचा. बाईला वाचता येत नसेल, तर फोनवर छायाचित्रांसह साठवून तिच्याकडून दोनदा लावून घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये. भरवताना मोबाइल समोर धरायचा नाही, हा नियम मग घरातल्या सर्वांनाच लागू करावा लागतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखाद्या दिवशी न कळवता लवकर घरी यावे. बाई दिसताच मूल रोजच अंग चोरत असेल, अवेळी व गाढ झोपत असेल, बाटलीतले दूध संपूनही संध्याकाळी हावऱ्यासारखे पीत असेल, अंगावर न समजणारे वळ असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि दुसऱ्या दिवसापासून बाईला येऊ देऊ नये. केवळ निरोपाच्या वेळी रडणे हे यातले लक्षण नव्हे. आठ-नऊ महिन्यांचे मूल आई दाराबाहेर पडताना रडतेच. दहा मिनिटांनी फोन करून ते शांत झाले का, एवढे विचारावे.