पाळणं म्हणजे काय?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण आहे. कारणाचं नाव मोत्या. वय अडीच महिने, जात गावठी, रंग भाकरी जरा जास्त भाजली की होतो तसा. सुप्याकडच्या एका ओळखीच्या मेंढपाळाच्या वाड्यावरून नातवाने त्याला आणलं आणि स्वतः कॉलेजला पुण्याला निघून गेला. आता मोत्या, सौ. आणि मी असे तिघं बारामतीच्या घरात आहोत.

नातेवाईकांचे फोन येतात, "आबा, कुत्र्याचं एवढं काय कौतुक? तुमच्या गावाकडे होतंच की कुत्रं!" होतं. पण ते आम्ही 'पाळलेलं' नव्हतं. हा फरक माझ्या ध्यानात सत्तरी ओलांडल्यावर, मोत्या घरात आल्यावर आला. मास्तरकी सुटली तरी फळा सुटत नाही, म्हणून या निमित्ताने थोडा इतिहास मांडतो.

माझं लहानपण इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलं. तिथे कुत्रं असायचंच. रात्री ते आमच्या ओट्यावर झोपायचं, सकाळी शेजारच्या चुलत्यांच्या चुलीपाशी आणि दुपारी मळ्यात. शिळी भाकरी ज्याच्या घरी उरेल तो टाकायचा. कुत्रं कोणाचं, असं कुणी विचारलं असतं तर "वस्तीचं" एवढंच उत्तर मिळालं असतं. पिल्लं व्हायची, त्यातली निम्मी दिवाळी ते संक्रांत एवढ्या अवधीत नाहीशी व्हायची. कशाने गेली हे कुणी विचारत नसे. यात दुष्टपणा नव्हता. कुत्र्याला घास देणं हा धर्म होता, पण त्याचं दुखणं काढणं ही कुणाचीच जबाबदारी नव्हती.

एरवी आपल्याकडे कुत्र्याला मान कमी नाही. जेजुरी बारामतीपासून फार लांब नाही. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि त्याचे भक्त वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. कोटंब्यात दिलेलं अन्न खायचं आणि देवापुढे कुत्र्यासारखं भुंकायचं, ही त्यांची सेवा. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, त्यांना चार वेद मानतात. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! श्राद्धाच्या पानातही कुत्र्याचा वाटा काढतात. आणि त्याच भाषेत आपण 'कुत्र्याच्या मौतीने मेला' असंही म्हणतो. देवळात मान आणि दारात धोंडा, अशी ही तऱ्हा.

रायगडावरच्या वाघ्याचंही तसंच. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याचा पुतळा १९३६ साली बसवला गेला, पण महाराजांच्या काळातल्या कागदपत्रांत या कुत्र्याचा पुरावा सापडत नाही. त्यावरून वाद झाले, अजूनही होतात. त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की कुत्र्याने माणसासाठी काय केलं याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. माणसाने कुत्र्यासाठी काय केलं, याच्या कथा शोधाव्या लागतात.

तशी एक गोष्ट जमिनीतून निघाली आहे, पण फार दूर, जर्मनीत. १९१४ साली बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे दगडाच्या खाणीत मजुरांना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि काही प्राण्यांची हाडं. त्यातला एक जबडा लांडग्याचा म्हणून बाजूला ठेवला गेला. साठेक वर्षांनी लक्षात आलं की तो कुत्र्याचा आहे. दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. पुढे लुक यान्सेन्स नावाच्या बेल्जियन पशुवैद्याने ते दात पुन्हा तपासले आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते कुत्रं म्हणजे साधारण सात महिन्यांचं पिल्लू होतं. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याला मोठा आजार झाला, बहुधा डिस्टेंपर, आणि तो काही आठवडे पुन्हा पुन्हा उलटत राहिला. अशा आजारात पिल्लू खातपीत नाही, अंगाखाली घाण करतं. कुणी ऊब दिली नाही, पाणी पाजलं नाही, पुसून काढलं नाही, तर ते थोड्या दिवसांतच जायला हवं. हे पिल्लू आठवडे काढून गेलं, याचा अर्थ कुणीतरी हे सगळं केलं. ते शिकारीच्या उपयोगाचं तर नव्हतंच. शेवटी ते माणसांच्या शेजारीच पुरलं गेलं.

मी हे वाचलं तेव्हा मोत्या माझ्या पायावर डोकं ठेवून घोरत होता. (पिल्लं दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी घाबरू नये.)

आपल्याकडची सर्वांत सुंदर खूण नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादची. १९७४ साली तिथे जमीन खणताना गावातल्या एका शेतकऱ्याला जुन्या काळातली तांब्या-काशाची शिल्पं सापडली. त्यात बैलजोडी जुंपलेला एक रथ आहे, मागे माणूस उभा आहे आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा! शिल्पांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची असावीत असं बहुतेक मानतात. प्रवरेच्या काठच्या त्या कारागिराला कुत्र्याशिवाय गाडी पुरी वाटली नसावी.

शेती आणि कुत्रा यांचं नातं तर रक्तात उतरलेलं आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस धान्य खायला लागला, त्याच्या उकिरड्याशी राहून कुत्राही धान्य पचवायला शिकला. भाकरीने कुत्रा घडवला म्हणा ना! दूध मात्र जपून. सौ. वाटीभर गाईचं दूध घेऊन निघाली होती, पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पिल्लाला त्याने हगवण लागते. आता आम्ही दिवसातून चार वेळा थोडं थोडं देतो: भाताबरोबर उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, बिनमिठाचं. कांदा, द्राक्षं आणि चॉकलेट अजिबात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कुत्र्याचा भाऊबंद असलेला लांडगा आपल्या बारामती-इंदापूरच्या माळावर आजही आहे. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, तसा माळ आक्रसत गेला. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, मुख्यतः चिंकारांसाठी. इंदापूरकडे कडबनवाडीचा माळ आहे. या माळांवर मेंढरं, धनगर, कुत्री आणि लांडगे पिढ्यान् पिढ्या एकमेकांना ओळखून आहेत. आता मोकाट कुत्री वाढली आणि त्यांच्याकडून दोन धोके आले. एक, लांडगा-कुत्र्याचा संकर. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर तो होत असल्याचं २०२० नंतर प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात सिद्ध झालं आहे. दुसरा धोका रोगांचा. रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्याकडून रानात जातात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांतल्या काहींत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता.

म्हणजे बॉनच्या त्या पिल्लाला झालेला आजार आजही आहे, फक्त आता त्यावर लस आहे. डिस्टेंपरच्या लशीवरचं काम १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये झालं. पार्व्हो तर अगदी अलीकडचा. तो १९७८ मध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. रेबीजची लस पाश्चरने ६ जुलै १८८५ ला पहिल्यांदा एका मुलाला दिली, ते आम्ही शाळेत शिकवतच आलो. माझ्या पिढीला मात्र पाश्चरपेक्षा 'पोटातली चौदा इंजेक्शनं' जास्त आठवतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस सेंपल यांनी १९११ साली कसौलीला तयार केली आणि आपल्याकडे ती २००४-०५ पर्यंत चालली. माझ्या वर्गातला एक मुलगा ती घेऊन आला, तेव्हा त्याला महिनाभर चालताना वाकावं लागे. आता दंडात मोजकी इंजेक्शनं पुरतात. पण कुत्रं चावलं की आधी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरची, चुना, हळद काही लावू नका.

सरकारने या प्रश्नाला पूर्वी एकच उत्तर दिलं: मारा. जून १८३२ मध्ये मुंबईत बेवारस कुत्री मारायला सुरुवात झाली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. तरीही पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ तेच धोरण कमीअधिक चालू राहिलं. मारून संख्या कमी होत नाही हे उमगल्यावर २००१ साली नसबंदी आणि लसीकरणाचे नियम आले, २०२३ साली ते नव्याने केले गेले. ज्या कुत्र्याला मालक नाही त्याचं काय करायचं, हा गुंता मात्र अजून सुटलेला नाही. आमच्या लहानपणीचं 'वस्तीचं कुत्रं' कायद्याच्या भाषेत बेवारसच होतं.

म्हणून 'पाळणं' या शब्दापाशी मी थांबलो. मराठीत आपण कुत्रा पाळतो, तसा शब्दही पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो. मोत्याच्या बाबतीत हे सगळे अर्थ एकत्र आले आहेत. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून लशी, चार महिन्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. पुढे नसबंदी. तारखा सौ.ने दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिल्या आहेत, माझ्या रक्तदाबाच्या तपासणीच्या तारखांशेजारी. "गावठी कुत्र्याला कशाला इंजेक्शनं?" असं शेजारी विचारतात. मी सांगतो, हे एकट्या मोत्यासाठी नाही. गल्लीतल्या पोरांसाठी आहे आणि माळावरच्या लांडग्यासाठीही.

एक हिशोब मात्र मी बरेच दिवस टाळत होतो. कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. माझ्या वयात पंधरा मिळवले की जो आकडा येतो, तो पाहून लेकीला फोन केला. म्हणालो, "मोत्या माझ्यामागे राहिला तर?" ती हसली नाही. "बाबा, तो आमच्याकडे येईल," एवढंच म्हणाली. तिचा तो शब्द मिळाला, त्याच दिवशी मोत्याच्या लशीच्या कार्डावर मालक म्हणून माझं नाव घातलं आणि खाली तिचं.

तुमच्याकडे कुत्रं असेल तर त्याचं नाव आणि वय जरूर कळवा. रेबीजची पुढची लस कधी आहे, तेही!