पाठीवरची होडी

वारा भरलेल्या कातड्याच्या आधारानें नदी उतरण्याची युक्ति फार जुनी आहे. असुर राजा दुसरा अशुर्नासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यांतील ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतले शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्यांत फुगविलेलीं कातडीं कवटाळून पोहत जाणारे सैनिक कोरलेले आहेत. इ. स. १५३९ मध्यें चौसा येथें शेरखानानें हुमायूनाचा पराभव केला, तेव्हां गंगेंत बुडूं पाहणाऱ्या बादशहाला निजाम नांवाच्या भिस्त्यानें आपल्या मशकेच्या आधारानें पैलतीरास नेलें, व त्या उपकाराबद्दल पुढें कांहीं काळ तख्तावर बसण्याचा मान मिळविला, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. आपल्या खेड्यांतून कातड्याचें काम भोपळ्यांवर भागे. सांगडीचें तत्त्व तेंच.

ही उजळणी करण्याचें कारण असें कीं, हवा भरून फुगवावयाची व दोघांनीं मिळून वल्हवावयाची जी ‘कायाक’ हल्लीं हौशी मंडळी विकत घेतात, तिचें नांव कायाकचें असलें तरी कूळ मशकेचें आहे. मूळची कायाक उत्तर ध्रुवाकडील लोकांची. लांकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून बसवावयाचें, वरूनही झांकावयाचें, आणि मनुष्य बसेल एवढेंच छिद्र ठेवावयाचें, ही तिची रचना. अल्यूशियन बेटांतील शिकाऱ्यांपाशीं दोन छिद्रांचीही होडी असे. मागच्यानें वल्हवावें आणि पुढच्यानें भाला फेंकावा, अशी कामाची वांटणी. ती अरुंद होडी अंगरख्याप्रमाणें अंगाबरोबर बेतलेली असे. मशकेची गोष्ट अगदीं निराळी. ती कोणालाही तारते, परंतु कोणाचेंही फारसें ऐकत नाहीं. दोन्ही कुळांचे गुणदोष मनांत धरल्यावांचून आजच्या होडीची परीक्षा नीट व्हावयाची नाहीं.

मशकेची होडी बनविण्याचा पहिला जाणता प्रयत्न एका शोकांतिकेपासून स्फुरला. जॉन फ्रँकलिन याची तुकडी १८२१ सालीं उत्तर कॅनडांतून उपाशी परत येत असतां कॉपरमाइन नदीपाशीं अडली. जवळच्या होड्या आधींच मोडून टाकून द्याव्या लागल्या होत्या. तुकडींतील डॉक्टर जॉन रिचर्डसन कमरेला दोरी बांधून त्या बर्फगार पाण्यांत पोहण्यास उतरला. थोड्याच वेळांत त्याचे हातपाय बधिर झाले व त्याला अर्धमेला ओढून काढावें लागलें. अखेर एका वाटाड्यानें बिछान्यावरील किंतानाचे तुकडे झुडुपांच्या फांद्यांवर ताणून एक ओबडधोबड नाव केली व एकेकानें ती नदी ओलांडली. तोंपर्यंत सुमारें आठवडा गेला होता, आणि अन्न तर नव्हतेंच. वीस जणांपैकीं अकरा दगावले. नदी कांहीं समुद्राएवढी नव्हती. उणीव होती ती पाठीवर नेतां येईल अशा एका होडीची.

पीटर हॅल्केट हा तरुण ब्रिटिश नौदल अधिकारी ह्या हकीकतीनें अस्वस्थ झाला. चार्ल्स मॅकिंटॉश यानें १८२३ मध्यें दोन कापडांमध्यें रबराचा थर बसवून जलाभेद्य कापड करण्याचा एकाधिकार मिळविला होता. त्या कापडाचा हॅल्केटनें एक झगा शिवला. झग्यांत हवेचे चार स्वतंत्र कप्पे होते. एक फाटला तरी बाकीचे तारतील. खिशांतील भात्यानें तीन-चार मिनिटें हवा भरली कीं झग्याची होडी होई, हातकाठीला पातें जोडलें कीं वल्हें होई, आणि छत्री उघडली कीं शीड! वजन सुमारें साडेसात पौंड. असला सरंजाम पाहून हसूं येतें हें खरें, परंतु कप्पे निराळे ठेवण्याची त्याची दृष्टि इतकी अचूक होती कीं, आजचा एकही जबाबदार कारखानदार तो नियम मोडीत नाहीं. पुढें त्यानें झग्याचा नाद सोडून दोघांची होडी केली, ती पाठीवरच्या पिशवींत मावे. आमच्या समजुतीप्रमाणें आजच्या दुजोडी होडीची खरी पूर्वज ती हीच.

आरमारी खात्यानें १८४५ मध्यें अभिप्राय दिला तो असा, कीं कल्पना फार चतुर आहे, शोध व मोजणी ह्यांच्या सफरींत ती उपयोगी पडेल, परंतु आरमाराच्या सर्वसाधारण कामास ती लागू पडेलसें वाटत नाहीं. ह्या उत्तराबद्दल खात्याची चेष्टा करण्याची चाल आहे. आम्हांस मात्र तें न्याय्य वाटतें. तोफा व रसद वाहणाऱ्या नौकेच्या मापानें ही होडी मोजली तर ती उणीच ठरणार. ज्या सफरींचा अभिप्रायांत उल्लेख होता तेथें तिनें आपलें मोल दाखविलेंही. हडसन बे कंपनीचा डॉक्टर जॉन रे यानें १८४६ मध्यें निघालेल्या आपल्या सफरींत रिपल्स उपसागराकांठीं तिच्यांतून मासळीचीं जाळीं टाकलीं व तपासलीं. कित्येक आठवड्यांच्या रोजच्या वापरानेंही ती फाटली नाहीं. आणि त्या गार पाण्यांतून जिवंत निघालेल्या रिचर्डसननेंच पुढें लिहून ठेविलें कीं, पहिल्या सफरींत असें साधन असतें तर सगळी तुकडी सुखरूप परतली असती. ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणत्या होडीला मिळालें असेल?

पण हॅल्केटला बाजारानें तारलें नाहीं. मासेमारी व बदकांची शिकार करणाऱ्या हौशी लोकांना होडी विकण्याची त्याची खटपट फसली. मौजेखातर वल्हविण्याची आवडच अजून पसरावयाची होती. ती पसरली जॉन मॅकग्रेगर यानें १८६५ मध्यें ‘रॉब रॉय’ नांवाच्या लांकडी होडींतून युरोपच्या नद्यांचा प्रवास केल्यावर. नंतर जर्मनींत आल्फ्रेड हॉयरिख यानें १९०५ मध्यें घडीची कायाक रचली, व रोझेनहाइमचा शिंपी योहान क्लेपर यानें तिचे हक्क घेऊन ती आगगाडीनें सुटीवर जाणाऱ्या माणसांच्या हातीं दिली. हान्स लिंडेमान १९५६ मध्यें क्लेपरच्या दुजोडी होडींतून एकटाच अटलांटिक ओलांडून गेला. तिच्या दोन्ही कडांना हवेच्या नळ्या होत्या. दोन कुळांची सोयरीक ती हीच. मात्र तिच्यावरून बाजारांतील साध्या फुगविलेल्या होडीचें सामर्थ्य अजमावणें धोक्याचें होईल.

आजची होडी रबराऐवजीं बहुधा प्लॅस्टिकच्या पक्क्या कापडाची असते. चांगल्या प्रतीच्या होडीचा तळ दोन कापडांमध्यें असंख्य धागे विणून केलेला असतो, त्यामुळें त्यांत जास्त दाबानें हवा भरली तरी तो फुग्यासारखा गोल न होतां फळीसारखा सपाट व ताठ राहतो. तळ ताठ असला कीं दोन माणसांच्या वजनानें होडी मध्यें वांकत नाहीं, व निम्मे श्रम वांचतात. घेणारानें प्रथम तळ पाहावा. रंग व खिसे मागाहून. रुंद असल्यामुळें ती सहसा उलटत नाहीं, आणि मुलांबाळांच्या कुटुंबाला हा गुण थोडा नव्हे. पण मशकेचा स्वभाव जातो कोठें? पाण्यांत ती फार खोल बसत नाहीं, म्हणून वारा तिला सहज ढकलतो. तळाखालीं मागें बसविलेलें पातें तिला सरळ ठेवतें, वाऱ्याला मात्र अडवीत नाहीं. दोघांपैकीं पुढच्यानें लय धरावी व मागच्यानें ती सांभाळून दिशा राखावी. नाहीं तर वल्हीं एकमेकांवर आपटतात, आणि घरचें भांडण पाण्यावर जातें.

कोंकणच्या खाडींत किंवा धरणाच्या शांत पाण्यांत ती तासभर मोठा आनंद देईल. उघड्या समुद्रावर नेणारानें मतलई वारा विसरूं नये: सकाळच्या प्रहरीं तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळें कांठाजवळ पाणी शांत दिसतें, आणि हलकी होडी नकळत बाहेर जाते, परततांना तोच वारा तोंडावर येतो. तरण्याचें जाकीट अंगांत असल्यावांचून तेथें जाऊंच नये. भर दुपारीं होडी फुगवून वाळूंत ठेवूंही नये. आंतील हवा तापून प्रसरते व शिवणीवर ताण येतो. घरीं आणल्यावर सांध्यांतील पाणी पुसून तिला सावलींत पुरती वाळवावी लागते, हें काम वल्हविण्याइतकाच वेळ खातें. ओलीच घडी घालून माळ्यावर टाकली, तर श्रावण सरण्यापूर्वींच तिला बुरशीचा वास येऊं लागतो.