हार्ड डिस्कची जोडणी: आयडीई, साटा, सॅस आणि एनव्हीएमईमध्ये फरक काय?

दुकानातला जुना कॉम्प्युटर बंद पडला की तो बहुतेक वेळा थेट भंगारात जातो. सोबत कित्येक वर्षांचा टॅलीचा हिशेब आणि घरचे फोटोही जातात. पण कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे हार्ड डिस्क गेली, असं नाही. अनेकदा डिस्क शाबूत असते, फक्त तिची जोडणी नव्या मशीनला बसत नाही. या जोडणीलाच इंटरफेस म्हणतात.

आयडीई (पाटा)
१९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी ही पद्धत आणली. रुंद चपटी केबल आणि ४० पिनांची जागा ही तिची ओळख. एका केबलवर दोन डिस्क लागत, म्हणून जम्पर लावून मास्टर-स्लेव्ह ठरवावं लागे. कमाल वेग सेकंदाला १३३ एमबी.

साटा
२००३ पासून ही अरुंद केबल आली. डेटासाठी ७ आणि विजेसाठी १५ संपर्क. एका केबलवर एकच डिस्क, जम्परची कटकट नाही. तीन पिढ्यांचे वेग अनुक्रमे १५०, ३०० आणि ६०० एमबी. नवी डिस्क जुन्या पोर्टवर सहसा चालते, फक्त वेग जुन्याचा मिळतो.

इथेच गिऱ्हाईक फसतं. खोक्यावर '६ जीबी प्रति सेकंद' असं लिहिलेलं असतं, पण ते गिगाबिट असतात, गिगाबाइट नव्हे. शिवाय तो वेग जोडणीचा. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क साधारण १०० ते २५० एमबीच देते. रस्ता रुंद केला म्हणून बैलगाडी काही पळत नाही. ६०० एमबीच्या जवळ जायचं तर एसएसडीच हवी.

सॅस
ही सर्व्हरची जोडणी. सॅसच्या पोर्टवर साटा डिस्क सहसा चालते, उलट मात्र नाही. सर्व्हरमधून निघालेली सॅस डिस्क स्वस्तात मिळाली, तरी घरच्या पीसीला ती बसत नाही.

एनव्हीएमई
२०११ मध्ये हे मानक आलं. ही एसएसडी साटाला वगळून थेट पीसीआय एक्स्प्रेसवर बोलते. तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५०० एमबी, चौथ्या पिढीत सुमारे ७,००० एमबीपर्यंत वेग मिळतो. मात्र एम.२ आकाराची पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. काही लॅपटॉप त्यातली एकच चालवतात. खरेदीपूर्वी मॅन्युअल बघावं.

जुनी डिस्क वाचवताना
आयडीई आणि साटा दोन्ही डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतो. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कला बहुधा यूएसबीची वीज पुरते. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, नाहीतर ती फिरतच नाही. मग ती 'मेली' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

विंडोजने 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर 'हो' म्हणू नये. टकटक आवाज आला तर डिस्क लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी. सगळं नीट उघडलं तर आधी पूर्ण कॉपी घ्यावी, ती उघडून तपासावी आणि जुन्या डिस्कमधला डेटा कायमचा पुसूनच ती भंगारात द्यावी. नाहीतर आपला हिशेब परक्याच्या हाती पडतो.