तबकडीवर न छापलेली नावं

रॉक संगीत म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गिटारवाला. १९७० सालीही तसंच होतं. रंगमंचाच्या मधोमध गिटार, मागे ड्रम्स, आणि पियानो किंवा ऑर्गन वाजवणारा बहुधा कडेला बसलेला. त्या वर्षी लंडनमध्ये तीन तरुणांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या बँडमध्ये स्वतंत्र गिटारवादक नव्हताच. पुढारी होता तो पेटीवाला! बँडचं नाव तिघांच्या आडनावांवरून पडलं: एमर्सन, लेक अँड पामर. त्यांच्या पहिल्या अल्बमविषयी आज बोलायचं आहे. संगीतात उसनं काय आणि आपलं काय, हा जुना प्रश्न त्या एका तबकडीत फार स्पष्ट दिसतो.

कीथ एमर्सन तेव्हा पंचविशीचा होता. ‘द नाइस’ या बँडमध्ये त्याने नाव कमावलं होतं. हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांमध्ये सुऱ्या खुपसून सूर धरून ठेवायचा, ऑर्गन आडवा पाडून वाजवायचा, असे त्याचे प्रकार. पण या आडदांडपणामागे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा चांगला व्यासंग होता. ग्रेग लेक ‘किंग क्रिम्सन’मध्ये गात होता, बेस गिटार वाजवत होता. १९६९च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एकाच कार्यक्रमात हे दोन्ही बँड वाजवत असताना दोघांचं सूत जमलं. ड्रम्सवर आला कार्ल पामर, अवघ्या वीस वर्षांचा.

१९७०च्या ऑगस्टमध्ये प्लिमथला पहिला कार्यक्रम झाला आणि आठवडाभरात हे तिघे आइल ऑफ वाइटच्या प्रचंड महोत्सवात उभे राहिले. तिथे त्यांनी खऱ्या तोफा उडवल्या. काहींना ते थोर वाटलं. रेडिओवरचे नामांकित निवेदक जॉन पील यांना मात्र त्यात प्रतिभा आणि वीज दोन्ही वाया गेल्यासारखी वाटली. एकीकडे लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू होतं. निर्मिती लेकची, ध्वनिमुद्रणाची जबाबदारी एडी ऑफर्ड यांची. नोव्हेंबरमध्ये आयलंड रेकॉर्ड्सने तबकडी बाजारात आणली. अल्बमचं नावही बँडचंच. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत ती चौथ्या क्रमांकापर्यंत गेली, पुढे अमेरिकेत अठराव्या.

तबकडीत रचना सहाच. पहिली ‘द बार्बेरियन’. ती मुळात हंगेरीचे रचनाकार बेला बार्टोक यांची १९११ सालची पियानोसाठीची रचना, ‘अलेग्रो बार्बारो’. बार्टोक यांनी पियानोकडून जणू तालवाद्याचं काम करून घेतलं होतं. त्यामुळे पामरचे ड्रम्स त्यात उपरे वाटत नाहीत, मुळापासून तिथेच असावेत असे बसतात. दुसरी अशी रचना ‘नाइफ-एज’. तिचा गाभा झेक रचनाकार लेओश यानाचेक यांच्या १९२६ सालच्या ‘सिन्फोनिएत्ता’तला. तिथे पितळी वाद्यांची जी ललकारी आहे, ती इथे ऑर्गन आणि बेस गिटारवर उतरते. मध्येच बाख यांच्या एका फ्रेंच स्वीटचा तुकडाही येतो.

आता तबकडीच्या पहिल्या आवृत्तीवर काय छापलं होतं? बार्टोक यांचं नाव नव्हतं, यानाचेक यांचंही नव्हतं. बाख १७५० साली गेले, त्यांच्या सुरांवर कुणाचा कायदेशीर हक्क उरला नव्हता. पण इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क शाबूत राहत. यानाचेक १९२८ साली वारले, बार्टोक १९४५ साली. म्हणजे दोघांचेही हक्क जिवंत होते. पुढे बार्टोक यांच्या बाजूने विचारणा झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर मूळ रचनाकारांची नावं आली.

मला इथे कायद्यापेक्षा रिवाज महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. त्याने त्याच्या गाण्याचं तेज कमी होत नाही. एमर्सनने केलेलं काम काही नक्कल नव्हती. पियानोचा मजकूर ऑर्गन, बेस आणि ड्रम्स या तिघांत वाटायचा आणि त्याचा जोर टिकवायचा, याला अक्कल लागते. नावं छापली असती तर ही अक्कल अधिकच उठून दिसली असती.

याच तबकडीत अस्सल स्वतःचंही बरंच आहे. लेकची बारा मिनिटांची ‘टेक अ पेबल’ आहे, पामरच्या ड्रम्सचा ‘टँक’ आहे. ‘द थ्री फेट्स’ ही ग्रीक पुराणातल्या तीन नियतिदेवतांवरची रचना. तिच्यासाठी एमर्सनने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला अजस्र पाइप ऑर्गन वाजवला.

आणि गंमत बघा, जगाने लक्षात ठेवलं ते यातलं काहीच नाही! तबकडी भरायला एक गाणं कमी पडत होतं. लेकने एक जुनं गाणं पुढे केलं, ‘लकी मॅन’. वयाच्या बाराव्या वर्षी आईने गिटार घेऊन दिली, तेव्हा शिकलेल्या मोजक्या कॉर्ड्सवर त्याने ते रचलं होतं. सारं वैभव असलेला माणूस युद्धावर जातो आणि गोळी लागून मरतो, एवढीच गोष्ट. एमर्सनला त्यात फारसा रस नव्हता. लेक आणि पामर यांनीच ते बहुतेक उभं केलं. शेवटी एमर्सन मोग सिंथेसायझरवर बसला. वाद्य नवं, एका वेळी एकच सूर देणारं, तारांच्या जंजाळाने जोडलेलं. त्याने नुसतं चाचपून पाहावं तसं वाजवलं. ते ध्वनिमुद्रित झालेलं होतं आणि तेच कायम ठेवलं गेलं. एमर्सनला स्वतःला ते फारसं पसंत नव्हतं. पण रॉक ऐकणाऱ्या असंख्य लोकांना मोगचा आवाज पहिल्यांदा भेटला तो याच गाण्याच्या शेवटी.

पुढचा इतिहास समाधान देणारा आहे. १९७१ साली मुसोर्गस्की यांची रचना बँडने उघड त्यांच्या नावानिशी सादर केली. १९७३ साली अर्जेंटिनाचे रचनाकार अल्बेर्तो हिनास्तेरा यांची रचना घ्यायची ठरली, तेव्हा एमर्सन स्वतः जिनिव्हाला जाऊन त्यांना भेटला, आपलं रूपांतर ऐकवलं आणि परवानगी घेऊन आला. तीन वर्षांत केवढं अंतर!

एमर्सन आणि लेक दोघंही २०१६ साली गेले. त्यांची तबकडी अजून ऐकली जाते. रचनाकाराचं नाव छापणं म्हणजे केवळ हिशेब चुकता करणं नव्हे, असं मला वाटतं. त्याचा फायदा ऐकणाऱ्याला होतो. मी बार्टोक यांच्यापर्यंत पोहोचलो तो या अल्बमच्या नंतरच्या आवृत्तीवर छापलेलं त्यांचं नाव वाचून. ते नाव तिथे नसतं, तर ‘द बार्बेरियन’ ऐकून मी तबकडी पुन्हा पाकिटात घातली असती, आणि तेवढ्यावरच सगळं थांबलं असतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)