हलतं तेच जिवंत? शुक्राणूंच्या गतीचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या माणसाला वीर्यतपासणीच्या रिपोर्टाशी काय देणंघेणं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण त्या रिपोर्टात ‘मोटिलिटी’ नावाची जी ओळ असते, तिच्यामागे एक जुना प्रश्न आहे. सजीव ओळखायचा कसा? ॲरिस्टॉटलने पूर्वसूरींकडून आलेल्या दोन खुणा नोंदवल्या आहेत : हालचाल आणि संवेदन.

१६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या ल्युवेनहॉकने रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. हा कापडाचा व्यापारी. भिंगं स्वतःच घासायचा. वीर्यात शेपट्या हलवत पोहणारे असंख्य जीव दिसले, असं त्यानं कळवलं. वर खुलासाही केला, की नमुना वैवाहिक संबंधातलाच आहे, पाप करून मिळवलेला नाही. आणि विद्वानांना हे किळसवाणं वाटलं तर खुशाल बाजूला ठेवावं! ते हलतात म्हणून त्यानं त्यांना ‘छोटे प्राणी’च मानलं. त्यांचं नेमकं काम कळायला मात्र दोनशे वर्षं गेली. १८७६ मध्ये हर्टविगने समुद्री अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना पाहिली, तेव्हा ते कोडं सुटलं.

दरम्यान मूल न होण्याचा दोष बाईच्या माथी. आपल्या भाषेत ‘वांझ’ म्हणून हिणवतात ते बाईला. पुरुषाला फार तर ‘नपुंसक’ म्हणतात, आणि तो शब्दही इथे चुकीचा. संबंध उत्तम असूनही शुक्राणू मंद असू शकतात. अंडकोशाच्या शिरा फुगणं, जंतुसंसर्ग, उष्णता, तंबाखू, शुक्राणूंविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडं, अशी कारणं संभवतात. कधी नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोचतो, एवढंच! आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

एक कारण मात्र मला विलक्षण वाटतं. १९७६ मध्ये स्वीडनच्या अफझेलियस यांनी अजिबात न हलणारे शुक्राणू असलेल्या चार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या तिघांना सर्दी-खोकल्याचा कायमचा त्रास, आणि काहींचं हृदय चक्क उजवीकडे! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडा झाला. शुक्राणूची शेपटी आणि श्वासनलिकेतले केसासारखे तंतू यांची आतली रचना सारखीच असते, आणि त्यांना हलवणारे डायनीन प्रथिनाचे बारीक हातच या लोकांत नव्हते. दोष जन्मजात, पण शुक्राणू जिवंत. म्हणजे ल्युवेनहॉकची खूण इथे लागू पडत नाही.

हा नुसता तर्काचा खेळ नाही. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. त्या पद्धतीत पोहावं लागत नाही, जिवंत असावं लागतं. न हलणारे शुक्राणू जिवंत की मृत, हे रंगद्रव्याच्या साध्या चाचणीने कळतं : मृत पेशी रंग आत घेते, जिवंत घेत नाही. तेव्हा कुणाच्या रिपोर्टात मोटिलिटी शून्य आली असेल, तर ही चाचणी झाली आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा.