खानेसुमारी, कोतवाल बुक आणि वंशावळ : वर्धा जिल्ह्यातील कौटुंबिक इतिहासाची साधने

प्रस्तावना

वंशावळ ही गोष्ट महाराष्ट्रात दीर्घकाळ वतनदारांची मानली गेली. देशमुख, पाटील, मालगुजार यांच्या घरी ती जपली जाई, कारण तिच्यावर वतन आणि वाटणी अवलंबून असे. उरलेल्या समाजाची वंशावळ फार तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडे, तीही यात्रेला जाण्याची ऐपत असलेल्यांची. गेल्या काही दशकांत ही स्थिती बदलली आहे. महाराष्ट्राच्या २००१ च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार जातवैधतेसाठी अर्जदाराला आपल्या वडिलांकडील नात्यातील पूर्वजांची जुनी नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. परिणामी, ज्या कुटुंबांनी पूर्वी कधी आजोबांच्या वडिलांचे नाव कागदावर पाहिले नव्हते, तीच कुटुंबे आज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षासमोर उभी असलेली दिसतात. मुलाचा अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेश, मुलीची नोकरी, ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवरील निवड या साऱ्या गोष्टी एका ओळीवर येऊन ठेपतात.

अशा वेळी साहजिकच प्रश्न विचारला जातो की इंग्रजांनी दर दहा वर्षांनी माणसे मोजली, मग त्या कागदांत आपले पूर्वज असतीलच ना? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

शिरगणतीचे कागद कोठे गेले?

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. प्रारंभी त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ साली ते पालकवाडी या गावी आले आणि तेथेच आजचे वर्धा शहर वसले. त्याच वर्षी मध्य प्रांतात पहिली शिरगणती झाली. जिल्हा आणि जिल्ह्यातील माणसांची मोजणी ही जवळजवळ समवयस्क आहेत. १८७२ ची दुसरी गणना आणि त्यानंतर १८८१ पासून दर दहा वर्षांची नियमित जनगणना असा हा क्रम आहे.

१८८१ ते १९३१ या काळातील जनगणना एका ठरावीक रात्रीची असे. १८८१ साली १७ फेब्रुवारी, १८९१ साली २६ फेब्रुवारी, १९०१ साली १ मार्च. पटवारी, शाळामास्तर किंवा लिहिता-वाचता येणारा गावातील कोणी गृहस्थ काही आठवडे आधी घरोघर फिरून प्राथमिक नोंद काळ्या शाईने करी आणि ठरलेल्या रात्री कंदील घेऊन पुन्हा फिरून, कोण मेले, कोण जन्मले, कोण पाहुणा आला याची दुरुस्ती तांबड्या शाईने करी. नाव, धर्म, जात, वय, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, जन्मस्थान, मातृभाषा, साक्षरता एवढे तपशील त्या पत्रकात असत. वंशावळ शोधणाऱ्याला यापेक्षा अधिक ते काय हवे?

परंतु ती पत्रके आज उपलब्ध नाहीत. माहितीचे वर्गीकरण होऊन तक्ते तयार झाले की मूळ पत्रके नष्ट केली जात. १९०१ पासून प्रत्येक व्यक्तीची माहिती स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवून त्या चिठ्ठ्यांच्या ढिगांवरून मोजणी करण्याची पद्धत आली. तक्ते छापून झाल्यावर त्या चिठ्ठ्यांचेही काम संपले. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ नुसार जनगणनेचे कागद कोणासही पाहता येत नाहीत आणि ते पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेची घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. अमेरिकेत ७२ वर्षांची मुदत असून १९५० ची पत्रके एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. तेथील माणसाला नाव टाकताच पणजोबांचे घर सापडते. भारतात ज्या साम्राज्याने तीच पद्धत राबवली, त्याने माणसांची संख्या ठेवली आणि नावे टाकून दिली.

तरीही छापील अहवाल कुटुंबाच्या इतिहासाला निरुपयोगी आहेत असे म्हणता येत नाही. मध्य प्रांताच्या १९०१ च्या जनगणनेचे अधीक्षक आर. व्ही. रसेल यांनीच पुढे १९०६ साली वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर संपादित केले, आणि जनगणनेतील त्यांचे सहकारी हिरालाल यांच्यासमवेत मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. १९०१ साली वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या ३,८५,१०३ होती. १८९१ साली ती चार लाखांच्या किंचित वर होती. दहा वर्षांत सुमारे चार टक्के माणसे घटली, त्यामागे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आहेत. ‘आमचे मूळ घर तिकडे होते, मोठ्या दुष्काळात इकडे आलो’ ही अनेक घरांत ऐकू येणारी हकिकत या आकड्यांसमोर ठेवून पाहिली, तर ती कोणत्या दशकात शोधावयाची याचा अंदाज बांधता येतो. आकडा नाव सांगत नाही, शोधाची वर्षे मात्र सांगतो.

कोतवाल बुक

नावे मिळतात ती कोतवाल बुकात. मध्य प्रांतात गावचा कोतवाल गावातील जन्म-मृत्यू ठाण्यावर कळवीत असे आणि त्याची नोंद वहीत होई. वर्धा-नागपूर भागात हा कोतवाल बहुधा महार समाजातील असे आणि बहुधा निरक्षर असे. म्हणजे सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. ज्या समाजाच्या नावावर गावात क्वचितच जमीन होती, त्या समाजातील माणसाच्या तोंडच्या शब्दावर साऱ्या गावाचे, मालगुजारासह, जन्म-मृत्यू नोंदले गेले. आज कुणबी, तेली, माळी, गोंड, महार अशा सर्वच कुटुंबांची वंशावळ ज्या वहीवर उभी राहते, तिचा मूळ निवेदक तो आहे. जातवैधतेच्या प्रकरणांत हे कोणाच्या ध्यानी येत नाही, ही खेदाची बाब होय.

या वह्या वाचण्यास सोप्या नाहीत. जुन्या नोंदी काही ठिकाणी मोडीत, काही ठिकाणी बाळबोधीत आहेत. आडनाव सहसा नसते. ‘अमुक वल्द तमुक, कुणबी’ एवढीच ओळख असते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण बारसे होण्यापूर्वीच कोतवालाने वर्दी दिलेली असते. ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ आणि बापाचे नाव, इतकेच. एकाच बापाला चार मुलगे झाले असतील, तर आपला पूर्वज त्यांपैकी कोणता हे केवळ या वहीवरून ठरत नाही. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील जन्मतारीख हाती असल्यास ताळा पाहता येतो, मात्र ती तारीख अनेकदा मास्तरांनी अंदाजानेच लिहिलेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण अधिक गंभीर आहे. आईचे नाव जन्मनोंदीत अनेकदा नसते. स्त्री प्रथम दिसते ती आपल्या मृत्यूच्या ओळीत, ‘अमुक जौजे तमुक’ म्हणून. जनगणनेतही गणकासमोर नवऱ्याचे नाव घेण्यास बायका तयार नसत. उखाण्यावाचून नाव न घेण्याची रीत मोजणीच्या रात्रीपुरती थांबणारी नव्हती. नाव शेजारणीने किंवा सासूने सांगावे लागे.

१९१८ सालचे कोतवाल बुक टिकून असेल, तर ते स्वतंत्रपणे पाहावे. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘मानमोडी’ने मध्य प्रांतात हाहाकार केला. जिल्ह्याची लोकसंख्या १९११ साली सुमारे ४ लाख ६० हजार होती. १९२१ साली तीत जेमतेम चार हजारांची भर पडलेली दिसते. त्या दोन महिन्यांच्या पानांवर एकेका घरातील दोन-तीन नोंदी लागोपाठ आढळल्या, तर कुटुंबाची एखादी शाखा नंतरच्या कागदांतून एकाएकी नाहीशी का झाली याचे उत्तर तेथेच मिळते.

जमिनीचे कागद आणि त्यांची मर्यादा

बंदोबस्ताचे कागद पिढ्या जोडून देण्यास सर्वांत भरवशाचे आहेत. १८६० च्या दशकातील पहिला बंदोबस्त आणि १८९० च्या दशकातील दुसरा बंदोबस्त यांच्या मिसली, खसरे, जमाबंदी, पुढे १९५४-५५ च्या सुमाराचे अधिकार अभिलेख, हे एकापुढे एक ठेवले की शेत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कसे गेले ते दिसते आणि शेताबरोबर नातेही दिसते. अर्थात, शेत असेल तर! मजूर, बलुतेदार, पुलगाव-हिंगणघाटच्या कापड गिरण्यांत गेलेली माणसे यांना हा मार्ग बंद आहे.

येथे एक स्थानिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. आर्वी-आष्टी भागातील अनेक कुटुंबांची मुळे आणि सोयरिकी वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात आहेत. नदीच्या अलीकडे मालगुजारी होती, पलीकडे वऱ्हाडात रयतवारी. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तरी जमिनीची पद्धत बदलली नाही. म्हणून नदी ओलांडली की कागदांची जातच बदलते आणि अलीकडचे नमुने तिकडे शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

१९५१ ची नोंदवही

संख्या आणि नावे ही दोन्ही एकत्र येतात अशी एकच जागा आहे. १९५१ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि १ मार्चचा सूर्योदय ही तिची संदर्भवेळ होती. त्या वेळी जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगावची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही उतरवून घेण्यात आली. घरक्रमानुसार प्रत्येक माणूस, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, शिक्षण, उपजीविका असे तिचे स्वरूप होते. आसामातील वादांमुळे ही नोंदवही देशाला ठाऊक झाली, तथापि ती सर्वत्र तयार झाली होती. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तपासावयाच्या दस्तऐवजांच्या यादीत ‘नागरिक नोंदणी १९५१’ आणि जन्म-मृत्यूचा ‘गाव नमुना १४’ यांचा समावेश होता, तेव्हा महाराष्ट्रातही तिचे नाव सर्वतोमुखी झाले.

वर्धा जिल्ह्यासाठी या नोंदवहीचे आणखी एक महत्त्व आहे. तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट करणारा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. जनगणनेची संदर्भवेळ त्याच महिन्याच्या १ तारखेची. म्हणजे जिल्ह्यातील सुमारे ५ लाख ३९ हजार माणसांची ही यादी मालगुजारीच्या अखेरच्या महिन्यातील आहे. तीत मालगुजार आणि त्याचा सालदार सारख्याच आकाराच्या ओळीत लिहिलेले आहेत. भूमिहीन माणूस पूर्ण कुटुंबासह कागदावर येतो. सुनेला, विधवेला, पोरक्या पुतणीला स्वतंत्र ओळ आणि स्वतःचे नाव मिळते. ज्या घरांकडे एकही सातबारा नव्हता, त्यांच्या शोधाची सुरुवात येथूनच व्हावयास हवी.

शोधाची रीत त्यानंतर उलट दिशेने जाते. नोंदवहीत एखाद्याचे वय ४० असेल, तर जन्म १९११ च्या सुमारचा. परंतु वये शून्य आणि पाच या अंकांवर येऊन थांबत असल्याने १९०५ ते १९१७ पर्यंतची कोतवाल बुके पाहणे योग्य. तेथे बापाचे नाव जुळले की त्या बापाच्या मृत्यूची नोंद शोधावी. तीत त्याच्याही बापाचे नाव ‘वल्द’पुढे असते. अशा रीतीने जमीन नसलेल्या घराचीही तीन पिढ्यांची ओळ एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेता येते. बौद्ध कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरामुळे १९५१ च्या कागदातील ‘हिंदू’ आणि १९६१ नंतरच्या कागदांतील ‘बौद्ध’ हा फरक एकाच घरात स्वाभाविक आहे. त्यावरून दोन भिन्न कुटुंबे समजण्याची चूक होऊ नये. कुणब्यांच्या बाबतीत ‘कुणबी’ आणि ‘तिरळे’, तेल्यांच्या बाबतीत ‘तेली’ आणि ‘एकबैले’ अशी लेखनभिन्नताही याच प्रकारची समजावी.

ज्यांच्यापर्यंत वही पोचली नाही

या सर्व साधनांचे गृहीत एकच आहे की कुटुंबाला गाव होते. पारधी, बेलदार, वडार यांची पाले ज्या दिवशी ज्या शिवारात असत, तेथे त्यांची नोंद झाली किंवा झालीच नाही. बाळाचा जन्म एका मौजात, आजोबांचा मृत्यू तीन तालुके पलीकडे, आणि कोणताही कोतवाल त्यांना आपल्या गावचा मानीत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत त्याखाली नोंदलेल्या जमातींची नावे पोलिसांच्या दप्तरात तपशीलवार लिहिली जात, आणि अशा काही घरांसाठी पूर्वजाचे पहिले लिखित नाव तेच असण्याचा संभव आहे. नातवाने ते पुरावा म्हणून पुढे करावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही नियमात लिहिलेला नाही.

१९३१ नंतर सर्व जातींची मोजणी छापील तक्त्यांत आली नाही. आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि तिची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली. ती नावेही १९४८ च्या कायद्यातील कलम १५ खालीच राहणार आहेत. दरम्यान कोतवाल बुकांची पाने दर पावसाळ्यात ठिसूळ होत आहेत, आणि त्यांच्या कोपऱ्यांवरच बहुधा ‘वल्द’ हा शब्द असतो.